कारण : गळती

वीज कंपनीत नोकरी केली असं सांगितलं की समोरचा पुरुष विचारतो, "तुम्ही बिलं काढायच्या का?" आणि समोरची बाई विचारते, "ऐन चतुर्थीतच वीज कशी जाते हो तुमची?" बिलं मी कधी काढली नाहीत आणि चतुर्थीचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. मी ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायची. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीची कार्यशाळा होती, तिथे बावीस वर्षं काढली. त्या शेडमध्ये बाई म्हणून मी एकटीच. सुरुवातीला लोक मला बघायला यायचे, नंतर ट्रान्सफॉर्मर दाखवायला यायला लागले.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. काही जणांना हे वाचून राग येईल, त्याला माझी हरकत नाही.

बावीस वर्षांनी माझ्या मणक्याने काम बंद पाडलं. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. मग कंपनीने मला शेडमधून उचलून वरच्या मजल्यावर एका खिडकीपाशी बसवलं आणि खुर्चीमागच्या भिंतीवर पाटी लावली, 'शाश्वतता कक्ष'. कक्षात मी, एक संगणक आणि आमचे प्रमुख नेवगी सर. सर वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, शिकलेले, बोलायला मऊ. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांच्याशी माझं भांडण येणार आहे.

आता शाश्वतता म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पहिले दोन महिने मलाही कळलं नव्हतं. कंपनी वर्षभरात माती, पाणी, हवा आणि आजूबाजूच्या माणसांशी कशी वागली, ते आकड्यांत सांगणारं एक पुस्तक दरवर्षी छापतात. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हिरवं पान, आत हसणारी मुलं. ते वाचून बाहेरचे लोक कंपनीला क्रमांक देतात. क्रमांक वर गेला की नवी मोठी कामं मिळतात. त्यामुळे वरचे लोक या पुस्तकाला फार जपतात. त्यातला प्रत्येक आकडा कुठून तरी यावा लागतो, आणि तो जिथून येतो त्या माणसाची खाली सही लागते. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या आकड्यांखाली सही माझी.

पहिल्याच वर्षी मला डिचोलीची झाडं दिली. एका बंद पडलेल्या खाणीच्या मातीच्या ढिगावर कंपनीने झाडं लावली होती आणि फाइलमध्ये त्यांचा भलामोठा आकडा होता. मी म्हटलं, सही करण्याआधी बघून येते. नेवगी सर म्हणाले, "फोटो आहेत ना, परबबाय." मी म्हटलं, "फोटो झाड लावलं त्या दिवसाचे आहेत, सर."

ढिगावर राखणीला वसंत नावाचा माणूस होता. मूळचा सिंधुदुर्गातला, खाण चालू होती तेव्हा टिपर चालवायचा, खाण बंद झाल्यावर त्याच मातीची राखण करत बसला होता. मी वही काढली तसा तो हसला.

"बाय, लावलेली मोजूक इलंस की जगलेली?"

"दोन्ही सांगा."

"लावलेली तुझ्या फाइलीत हत. जगलेली माझ्यावांगडा ये, दाखवतंय."

दीड तास आम्ही त्या लाल ढिगावर चढलो-उतरलो. खड्डे होते, काठ्या होत्या, नावांच्या पाट्या होत्या. झाडं बहुतेक काजूची, आणि जगली होती ती खालच्या अंगाला, जिथे पाणी मुरतं तिथे. वरच्या सपाटीवर एक खड्डा वसंतने मला मुद्दाम दाखवला. त्याच्याभोवती विटांचं छान कुंपण होतं. तिथवर गाडी जाते, म्हणून सलग तीन वर्षं तीन पाहुण्यांच्या हस्ते त्याच खड्ड्यात झाड लावलं गेलं. फाइलमध्ये ती तीन झाडं होती. खड्ड्यात एकही नव्हतं.

मी आकड्यासमोर 'लावलेली' खोडून 'जिवंत' लिहिलं आणि वसंतबरोबर मोजलेला आकडा घातला. तो मूळच्या आकड्यापुढे इतका बारीक दिसत होता की नेवगी सरांनी चष्मा काढून पुन्हा पाहिला. पण त्यांनी तो ठेवला. "पुढच्या वर्षी पाणी घालायची सोय करू या," म्हणाले, आणि खरोखरच टँकर सुरू केला. म्हणून मला वाटलं, हे काम आपल्याला जमेल. तेलाची गोष्ट तेव्हा अजून यायची होती.

तिसऱ्या वर्षी तक्रारींचं पान माझ्याकडे आलं. त्यावर लिहिलेलं होतं : आलेल्या तक्रारी सगळ्या निकाली. मी यादी उघडून वाचत बसले. इब्रामपूरहून जानकी गावस नावाच्या बाईंनी चार महिन्यांत पाच वेळा फोन केला होता. पाचही वेळा समोर एकच शेरा : 'पाणीपुरवठा, आपल्या अखत्यारीत नाही, निकाली.' फोन घेणाऱ्या मुलीला मी विचारलं. तिची चूक नव्हती. तिच्या संगणकावर चारच पर्याय होते : वीज नाही, दाब कमी, तार तुटली, मीटर. जानकीबाईंची तक्रार त्यात कुठेच बसत नव्हती.

वीज कंपनीला पाण्यासाठी पाच वेळा फोन करणारी बाई एकतर वेडी असते किंवा तिचं म्हणणं खरं असतं. मी दुसऱ्या दिवशी इब्रामपूरला गेले.

आमचं उपकेंद्र गावाच्या टोकाला आहे. तारेचं कुंपण, आत एक मोठा ट्रान्सफॉर्मर, एक खोली. कुंपणाला लागून उतारावर जानकीबाईंची बागायत. मिरच्या, अळसांद्याचे वेल, चार माड, एक गाय. मधोमध चिऱ्यांनी बांधलेली विहीर. बाई सत्तरीच्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात कोयता. मी कंपनीचं ओळखपत्र दाखवलं तसा त्यांनी कोयता खाली ठेवला. बहुधा माझ्या जिवासाठी.

"पाच येळा फोन केलंय मी. दर येळी सांगतत, निकाली निघाली. कशी गो निकाली निघाली? ह्या बघ!"

त्यांनी बाल्दी आत सोडली, वर ओढली आणि माझ्या पायाशी आपटली. पाण्यावर रंग फिरत होते, मोराच्या पिसासारखे. मी बोट बुडवलं, दुसऱ्या बोटावर घासलं, नाकाशी नेलं.

बावीस वर्षं तो वास माझ्या केसांत होता, साडीत होता, डब्यातल्या भाकरीला होता. डोळे बांधून शंभर बाटल्या समोर ठेवल्या तरी मी तो ओळखेन.

"काय तां सांग," जानकीबाई म्हणाल्या. "गाय वास घेता नि तोंड फिरवता. मी पण पियाचा सोडलंय. पण मिरचेक घालूक दुसरा पाणी खंयसून हाडू?"

"तेल आहे," मी म्हटलं. "आमचं."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बहुधा पाच फोनांत हे उत्तर त्यांना कोणी दिलं नव्हतं.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडाची एक पेटी. आत तांब्याच्या तारांची वेटोळी तेलात बुडवून ठेवलेली असतात. ते तेल वेटोळ्यांना थंड ठेवतं आणि ठिणगी पडू देत नाही. पेटीची झाकणं जिथे बसतात तिथे रबराची पट्टी असते, तिला गॅस्केट म्हणतात. उन्हात रबर कडक होतं, चिरतं, तेल थेंबाथेंबाने बाहेर येतं. म्हणून पेटीखाली सिमेंटचा खड्डा करून त्यात गोटे भरतात, म्हणजे पडलेलं तेल तिथेच राहील. हा खड्डा फुटला की तेल मातीत जातं आणि मातीतून उताराला लागतं. इब्रामपूरचा उतार जानकीबाईंच्या विहिरीकडे होता.

उपकेंद्रावर एकनाथ होता. माझ्यापेक्षा थोडा लहान, दोडामार्गाकडून रोज मोटरसायकलने यायचा. त्याला ट्रान्सफॉर्मरचं काम मीच शिकवलं होतं, म्हणून ताई म्हणायचा. मी सरळ ट्रान्सफॉर्मरखाली वाकले. गोटे काळे झालेले, वर ओघळ चमकत होते.

"एकनाथ, वर तेल किती वेळा घालतोस?"

"पंधरा दिवसांनी. कधी आठ."

"आणि लिहितोस काय?"

तो आधी कुंपणाकडे बघून मग बोलला. "टॉप-अप. साहेबांनी सांगितल्यान तसा."

एका वेळी एक अख्खं पिंप वाहून गेलं तरच ती गळती, असा कंपनीचा नियम होता. त्याहून कमी असेल तो 'पाझर', आणि पाझर मोजायचा नाही. म्हणजे एक पिंप एका दिवसात गेलं तर गळती, आणि दहा पिंपं वर्षभर थेंबाथेंबाने जानकीबाईंच्या विहिरीत गेली तर शून्य. आमच्या पुस्तकात दरवर्षी एक ओळ ठळक अक्षरांत असायची : तेलगळती, शून्य. दोन वर्षं त्या ओळीखाली मीही सही केली होती. तो आकडा कुठून येतो ते मी विचारलंच नव्हतं.

परत येऊन मी नेवगी सरांसमोर पाण्याची बाटली ठेवली आणि म्हटलं, या वर्षी शून्यावर माझी सही नाही.

सरांनी बाटली उजेडात धरली, खाली ठेवली, हात पुसले. "परबबाय, मला कळतंय. पण व्याख्येप्रमाणे शून्य बरोबर आहे. आपण खोटं लिहीत नाही."

"व्याख्या त्या बाईला जाऊन सांगा."

"आपण तो ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या यादीत घालू. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. पण आकडा बदलला तर वरून विचारणार, मग आधीची वर्षंही उघडावी लागणार."

"उघडू या."

"तुम्हाला एवढी खात्री कशी? तेल शेजारच्या कुणा पंपाचं असेल."

त्यावर मी जे बोलले ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "सर, हे तेल कुठे जातं ते मला माहीत आहे, कारण मी स्वतः ते ओतलंय. कार्यशाळेत जुनं तेल काढलं की आम्ही मागच्या नाल्यात सोडायचो. मीही सोडलं. पिंपंच्या पिंपं. तेव्हा कोणी विचारत नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. नाल्याच्या खालच्या अंगाला कुणाची विहीर होती का, ते मी एकदाही जाऊन पाहिलं नाही."

माझी मान खाली गेली होती, पण सही मी केली नाही.

आठ दिवसांनी पणजीहून मोठ्या साहेबांचा फोन आला. त्यांनी चौकशी केली, मणक्याचं विचारलं, आणि मग म्हणाले, "तुमची तब्येत बघता वरच्या मजल्यावर रोज जिना चढायचा त्रास कशाला? डिचोलीचं भांडार तळमजल्यावर आहे."

पार्शाच्या आमच्या घरून तुयेला मी पंधरा मिनिटांत पोचायची. डिचोलीला जायचं म्हणजे आधी म्हापसा, तिथे बस बदलायची, मग पुढे. घरी यजमान म्हणाले, "मणक्याला जिना झेपत नाही आणि दोन बसगाड्या झेपतात होय? सही कर आणि सुखाने निवृत्त हो. दीड वर्षाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "दीड वर्ष बसने जाईन." ते उठून आत गेले. पण दुसऱ्या दिवसापासून म्हापशाच्या पहिल्या बसला मला स्कूटरवरून सोडायला यायला लागले. त्या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

त्या वर्षीचं पुस्तक दुसऱ्याच कुणाच्या सहीने निघालं. तेलगळती, शून्य. कंपनीचा क्रमांक वर गेला, पणजीत समारंभ झाला, आम्हाला भांडारात पेढे आले. मी माझा पेढा शिपायाला दिला.

भांडार म्हणजे पत्र्याची लांब शेड. खांब, तारांची गुंडाळी, मीटरच्या पेट्या, आणि मागच्या भिंतीला ओळीने उभी तेलाची पिंपं. मला तिथे टाकणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार केलेला दिसत नव्हता. दोन्ही तालुक्यांत जिथे कुठे ट्रान्सफॉर्मरला तेल लागतं, ते त्या भिंतीपासून जातं, आणि माझ्या सहीशिवाय एक पिंप हलत नाही.

पहिल्या आठवड्यात मला काही काम नव्हतं म्हणून मी मागणीपत्राचा छापील नमुना पुढून-मागून वाचून काढला. त्यात एक रकाना होता, 'कारण'. त्याखाली तीनच छापील पर्याय : नवीन भरणी, दुरुस्ती, गळती. 'टॉप-अप' त्यात कुठेच नव्हतं. ते लोक हाताने लिहायचे आणि आधीचे भांडारपाल चालवून घ्यायचे. पाठीमागे बारीक अक्षरांत सूचना होत्या. त्यातली एक मी तीनदा वाचली. एकाच ट्रान्सफॉर्मरसाठी सहा महिन्यांत 'गळती' या कारणाने तीन मागण्या आल्यास कागद थेट सुरक्षा विभागाकडे जाईल आणि तो ट्रान्सफॉर्मर बंद करून तपासावा लागेल. पुस्तकातल्या व्याख्येचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पुस्तक लिहिणाऱ्यांनी हा नमुना वाचला नव्हता आणि नमुना बनवणाऱ्यांनी पुस्तक.

इब्रामपूरची मागणी आली ती एका दुपारी. टेम्पो बाहेर थांबला, एकनाथ कागद घेऊन आत आला. मला बघून त्याला बरं वाटलं असावं. मी कागद वाचला आणि परत केला.

"हे कारण नमुन्यात नाही, एकनाथ. तीन आहेत, त्यातलं एक लिही."

"ताई, नेहमी असाच लिवतंय."

"माझ्याकडे पहिल्यांदा आलायस."

त्याने कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. "साहेबांनी बजावल्यान हा, गळती लिवायची नाय. माझी दोन वर्षां रवली हत, ताई."

"माझं एक आणि वर थोडं. तुला खोटं लिहायला सांगत नाही. भरणी असेल तर भरणी लिही. दुरुस्ती केली असेल तर दुरुस्ती लिही."

"आणि नाय लिवलंय तर?"

"तर पिंप मिळणार नाही."

तो रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. अर्ध्या तासात त्याच्या साहेबांचा फोन आला. तेल एका रेषेखाली गेलं की ट्रान्सफॉर्मरवर घंटा वाजते, आणखी खाली गेलं की तो स्वतःहून वीज तोडतो, हे त्यांनी मला ओरडून समजावलं. मला, जिने त्या घंटा बावीस वर्षं बसवल्या होत्या.

"गावं अंधारात गेली तर जबाबदार तुम्ही!"

"साहेब, कारण लिहा, पिंप पाच मिनिटांत टेम्पोत चढवते. एका शब्दाचं काम आहे. एकनाथला भीती वाटत असेल तर तुम्ही लिहा."

त्यांनी फोन आपटला.

बढाई मारत नाही. त्या संध्याकाळी बसमध्ये मी उलटाच हिशेब करत होते. वीज गेली तर इब्रामपूरचे पाण्याचे पंप थांबणार, गिरणी थांबणार, आणि जानकीबाईंच्या घरातही दिवा लागणार नाही. ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिलाच मी अंधारात बसवणार होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी आलं नाही तर काहीही लिहिलेलं असो, पिंप द्यायचं, असं मी म्हापशाला पोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं. तसं झालं असतं तर आज हे लिहायला बसले नसते.

एकनाथ सकाळीच आला. मी शेडचं कुलूप काढत होते. त्याने कागद माझ्या हातात दिला. कारणाच्या रकान्यात मोठ्या, शाळकरी अक्षरांत लिहिलं होतं : गळती. खाली त्याची सही, पूर्ण नावाने.

"घंटा झाली सकाळी," तो म्हणाला.

"म्हणून लिहिलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "घंटा ऐकून जानकी वयनी गेटीर इली. म्हणाली, काय झाला रे एकनाथ, तू बरो मां? तिका वाटला माका करंट लागलो. मी त्या केंद्रार इलंय तेव्हापासून तिच्या बावीचा पाणी पियत होतंय, ताई. रोज दुपारी ती तांब्यो घेवन येयत. गेली दोन वर्षां मी घरसून बाटली हाडतंय. तिना कधी इचारल्यान नाय, बाटली कित्याक हाडतस म्हणून. तिका ठावक होता. माका पण ठावक होता."

पिंप टेम्पोत चढवायला दोघांनी हात लावला. डॉक्टरांची मनाई मी त्या दिवशी मोडली.

दुसरी मागणी सतरा दिवसांनी आली, तिसरी त्यानंतर बारा. तिन्हींवर तोच शब्द, तेच अक्षर. तिसऱ्या कागदावर मी 'सुरक्षा विभागाकडे' असा शिक्का मारला, तो पाठवला आणि पोच घेतली. एकनाथला कारणे दाखवा नोटीस आली. त्याने उत्तरात नमुन्याची झेरॉक्स जोडली आणि विचारलं की चौथा पर्याय कुठे छापला आहे ते दाखवावं. हे वाक्य त्याला मी सांगितलं नव्हतं. त्याचं त्याने लिहिलं. नोटिशीचं पुढे काही झालं नाही.

ट्रान्सफॉर्मर चार दिवस बंद राहिला. गावाला दुसरीकडून वीज फिरवून दिली. म्हणजे हे आधीही करता आलं असतं. गॅस्केट काढलं तेव्हा ते हातात बिस्किटासारखं मोडलं, असं मला कार्यशाळेतल्या जुन्या सोबत्याने सांगितलं. खालच्या खड्ड्याला मनगट जाईल एवढी भेग होती. खड्डा नवा झाला, गॅस्केट नवं झालं. जानकीबाईंची विहीर उपसली, तळाची माती काढली, पुन्हा उपसली. त्यांच्या दारात नळ आला.

विहिरीचं पाणी सुधारलं, पण पूर्वीसारखं झालं नाही, आणि मी असेपर्यंत होईल असं मला वाटत नाही. नंतर एकदा मी गेले तेव्हा बाईंनी नळाच्या पाण्याचा चहा दिला. त्यांनी विचारलं, "तुका त्या दिसा वासानच कसा कळला गो?" मी त्यांना कार्यशाळेच्या मागचा नाला सांगितला. काही न लपवता सांगितला. बाई म्हणाल्या, "मगे तिथल्या लोकांका जावन सांगलंस काय?"

मी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी आणि यजमान त्या नाल्याच्या काठाने खालपर्यंत चालत गेलो. विहिरी तीन होत्या. एक बुजवलेली. उरलेल्या दोन घरांत जाऊन मी कोण, काय केलं, ते सांगितलं आणि पाणी तपासून घ्या म्हटलं. एका घरी बसायला खुर्ची दिली, दुसऱ्या घरी दार लावून घेतलं. दार लावणाऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. माझ्या नोकरीतलं हे एवढं मला भरून काढता आलेलं नाही.

पुढल्या वर्षीच्या पुस्तकासाठी नेवगी सर स्वतः डिचोलीला आले. माझ्याकडून तिन्ही मागणीपत्रांच्या प्रती मागून घेतल्या. "व्याख्या बदलून घेतली आहे," म्हणाले. "पाझरही मोजायचा. खाली सही माझी असेल." पुढे त्यांना बढती मिळाली नाही, ते कळलं तेव्हा मला वाईट वाटलं.

तोवर एक गोष्ट झाली होती जी आम्ही कोणी ठरवली नव्हती. एकनाथचं नोटिशीला दिलेलं उत्तर कुणी तरी फोनवर फिरवलं. मग पेडण्याच्या दुसऱ्या उपकेंद्राहून मागणी आली, कारण : गळती. डिचोलीच्या दोन ठिकाणांहून आली. खाणपट्ट्यातल्या एका केंद्राहून आली, तिथला माणूस मी कधी पाहिलाही नव्हता. माझ्या निवृत्तीला महिना उरला होता तेव्हा मोठ्या साहेबांचा पणजीहून फोन आला. या वेळी त्यांनी मणक्याचं विचारलं नाही.

"परबबाय, पंधरा वर्षांत जेवढ्या गळत्या झाल्या नाहीत तेवढ्या तुम्ही भांडारात आल्यापासून एका वर्षात झाल्या. आपला क्रमांक कुठे गेलाय माहीत आहे?"

"गळत्या वाढल्या नाहीत, साहेब," मी म्हटलं. "माणसं लिहायला लागली."

दारात टेम्पो थांबला होता आणि एक अनोळखी माणूस कागद हातात धरून आत यायचं की नाही ते ठरवत उभा होता. मी फोन खाली ठेवला आणि त्याला म्हटलं, "या, आत या."